जाईला मोठा आवाज चालत नाही

साखळी, गोवा
१८ मे २०२५

अहो,

फोनवर तिसऱ्या वाक्याला आपले भांडण सुरू होते, म्हणून पत्र लिहिते आहे. खाणीच्या कँपच्या पत्त्यावर पाठवीन. गौरवी म्हणते, ओडिशात टपाल पोचत नाही. आपली लेक बंगळूरला गेल्यापासून तिला जगातले सगळेच टपाल बंद पडल्यासारखे वाटते.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमेना सांगायच्या की पत्राची सुरुवात हवामानाने करू नये. ज्याच्याकडे सांगण्यासारखे काही नाही तो हवामान लिहितो. माझ्याकडे सांगण्यासारखे आहे. मी कुत्रा आणायचा विचार करते आहे.

हसू नका. विचार गौरवीचा. गेल्या महिन्यात मी न्हाणीत घसरले. फार लागले नाही, पण उठता येईना, आणि शेजारच्या सत्यवतीकाकी विळी मागायला आल्या तेव्हा दुपार उलटून गेली होती. हे तुम्हाला कळवले नव्हते. कळवून काय, तुम्ही तिथून उचलणार थोडेच. गौरवीने मात्र हट्ट धरला आहे. "आई, एक तर इथे ये, नाहीतर घरात कुत्रा ठेव. निदान भुंकेल तरी." बंगळूरला तिच्या बाराव्या मजल्यावर मी काय करणार? तिथे खिडकीजवळ जायलाही मी घाबरते. म्हणून कुत्रा.

तिने फोनवर एक खेळ पाठवला. आपण उत्तरे द्यायची, मग आपल्या राहणीला कुठला कुत्रा जुळेल ते तो सांगतो. घर की फ्लॅट? घर. अंगण आहे? आहे. रोज किती चालता? देवळापर्यंत आणि परत. स्वभाव शांत की उत्साही? इथे मी अडखळले, मग शांत लिहिले. घरात माणसे किती? दोन लिहिले. लॅब्राडोर आला. मग एक लिहून पाहिले, तर पावडरच्या पफासारखे पांढरे केसाळ काहीतरी आले. पुन्हा दोन लिहिले.

तुम्ही इथे असता तर म्हणाला असता, "सुणें जाय जाल्यार अल्सेशन हाड, हीं खेळणीं कित्याक?" कुत्रा म्हणजे अल्सेशन, बाकी खेळणी, असा तुमचा आवाज मला ऐकू आला. मी उठून गॅस बंद आहे ना ते पाहून आले.

आपले दोन टिप्पर ट्रक विकले त्याला किती वर्षे झाली, पण अजून पाने पुसायची माझी सवय जात नाही. तेव्हा दारातली जास्वंदसुद्धा खनिजाच्या धुळीने लाल व्हायची. तुम्ही वळणावर हॉर्न द्यायचा आणि मी माशाच्या हुमणाची कढई चढवायची. आता पाने हिरवीगार असतात आणि मी फडके घेऊन उभी असते.

तुमची,
चंद्रावती


११ जून

अहो,

पहिल्या पत्राचे उत्तर नाही. पोचले असे धरून पुढे लिहिते.

काल पेडण्याची बस धरून थेट केरीला गेले. तिथे पल्लवी म्हणून एक बाई आहे. पूर्वी नवऱ्याबरोबर समुद्रावर खाण्यापिण्याची शॅक चालवायची, आता कुत्री सांभाळते. तिच्या माडांच्या बागेत कुत्रीच कुत्री. मला वाटले होते सगळी गावठी असतील. पण तिथे असे असे कुत्रे होते जे मी फक्त कॅलेंडरवर पाहिले आहेत. पल्लवी म्हणाली, "हिवाळ्यात लोक येतात, समुद्राजवळ घर भाड्याने घेतात, लॅपटॉपवर काम करतात. मग त्यांना कुत्रा पाहिजे होतो. मे महिन्यात घर सोडतात, त्याबरोबर कुत्राही. घरमालक मला फोन करतो."

तिथे निळ्या डोळ्यांचा एक होता. बर्फातला. मला इतका आवडला की मी त्याच्यासमोर उकिडवीच बसले. पल्लवी हसायला लागली. "बाय, हो तुका ओढून थेट तेरेखोलाक व्हरतलो. फेरीबोटीची तिकीट काढून ठेव."

मग तिने मला बाकावर बसवले आणि प्रश्न विचारू लागली. तेच प्रश्न, फोनमधले. पण ती उत्तर ऐकताना तोंडाकडे बघते, त्यामुळे कठीण गेले.

"घरात कोण कोण?"

"मी आणि मिस्टर."

"ते नाही आले बघायला?"

"ड्युटीवर असतात. बाहेरगावी."

"येतात कधी?"

"येतात," मी म्हटले.

खोटे काय बोलले मी? गेल्या वर्षी गणेश चवथीला आला होतात की. एका रात्रीत परत गेलात, ते तिला कशाला सांगायचे.

पाण्याच्या पिंपामागे एक तांबूस कुत्री पडून होती. बाकीची सगळी माझे पाय हुंगत होती, ही हलली नाही. तिने माझ्याकडे पाहिले, मग फाटकाकडे, मग परत माझ्याकडे. बाहेर जायची वाट मोकळी आहे ना, याची खात्री करून घेणारी ती नजर. मला ती नवीन वाटली नाही. का ते विचारू नका.

"ती फेणी," पल्लवी म्हणाली. "शॅकवाल्या पोरांनी दारूचं नाव ठेवलंय. ती तुम्हाला नको. तिला पुरुषाची भीती आहे. कोणी मारलंय, काय केलंय, माहीत नाही. पुरुषाचा मोठा आवाज आला की एक तर लपते, नाहीतर अंगावर जाते."

मी बरे म्हटले आणि लॅब्राडोर बघितला. चांगला होता. बसमध्ये सबंध वाट मी त्या पिंपाचाच विचार करत होते.

तुमची,
चंद्रावती


५ जुलै

अहो,

पल्लवी घर बघायला येऊन गेली. घर बघितल्याशिवाय ती कुत्रा देत नाही. ती येणार म्हणून मी सकाळीच तुमच्या चपला माळ्यावरून काढल्या, पुसल्या आणि सोप्यावर दाराशी ठेवल्या. तुमचा चौकटीचा शर्ट धुऊन दोरीवर घातला. सत्यवतीकाकी कुंपणावरून ओरडल्या, "गे चंद्रावती, घोव आयलो काय तुजो?" मी ऐकले नाही असे केले.

पल्लवीने लॅब्राडोर आणला होता. आणि गाडीत मागे फेणीही होती. म्हणाली, "तुम्ही फोनवर दोनदा तिचंच विचारलंत, म्हणून आणली. नुसती बघा."

लॅब्राडोरने अंगणात धुमाकूळ घातला, अळूची पाने तुडवली आणि माझ्या साडीचा पदर तोंडात धरून मला विहिरीकडे ओढत नेले. मी धापा टाकायला लागले. पल्लवी म्हणाली, "हा तुम्हाला पुन्हा पाडणार." मग तिने फेणीला उतरवले. ती भिंतीच्या कडेकडेने आली, घराच्या सगळ्या खोल्या हुंगल्या आणि सोप्यावरच्या बाकाजवळ बसली.

मी चहा आणला. बरोबर भाजलेला पोय पाव आणि लोणी. हे सगळे एका हातात, आणि स्टीलचे ताट निसटले. फरशीवर केवढा आवाज झाला. ते गोल फिरत राहते ना, तसा. फेणी बाकाखाली गेली. आणि मी... माझा हात कानावर होता. कोपर असे वर. मला कळलेच नाही कधी गेला.

पल्लवीने ते पाहिले. खाली वाकून तिने ताट थांबवले, उचलले आणि स्वतः स्वयंपाकघरात ठेवून आली. चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, "मिस्टर स्वभावाने कसे आहेत?"

"मायाळू आहेत," मी म्हटले. "आवाज जरा मोठा आहे. खाण बंद पडल्यावर जास्त झाला."

हे खरेच आहे. तुम्ही माझ्यावर कधी हात उचलला नाहीत. मी हे सगळ्यांना सांगते, कोणी विचारले नाही तरी सांगते. ताटांचे कोणी विचारत नाही.

पल्लवी म्हणाली, "चंद्राबाय, खरं सांगते. तुमच्यासारखीला हीच बरी. शांत आहे, ओढणार नाही, कोणी आलं तर भुंकेल, तुमच्या पायाशी राहील. पण ती बाईमाणसाच्या घरातच टिकेल. मिस्टर राहायला येणार असतील तर हिला नेऊ नका. तिचेही हाल आणि त्यांचेही. आधी ठरवा. मग मला फोन करा."

आधी ठरवा! मी फेऱ्या मारते आहे नुसत्या. स्वयंपाकघर, सोपा, स्वयंपाकघर. काय ठरवायचे? कुत्र्याचे ठरवता येते. तुमचे कसे ठरवू?

शेवटी सोमवारी देवळात जाऊन कौल लावला. भटजी आधी हसलेच. "देवाक सुण्याचें विचारपाचें गे?" मी म्हटले, घरात येणारा जीव आहे, विचारायला नको? मग त्यांनी देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाकळ्या लावल्या आणि मोठ्याने गाऱ्हाणे घातले. ही तुझी लेक मुका जीव घरात आणू म्हणते, तो तिला सुखाचा होणार असेल तर उजवी दे. मी हात जोडले. आणि हे तुम्हाला लिहू नये, पण लिहिते. माझ्या मनात दुसरेच चालले होते. मी मनात विचारत होते, ते परत येतील का?

उजवी पाकळी पडली. लगेच. भटजींचे वाक्य संपायच्या आत.

तुमची,
चंद्रावती


९ ऑगस्ट

अहो,

मी पल्लवीला नको म्हणून कळवले. म्हटले, मिस्टर येणार आहेत. देवाने माझे मनातलेच ऐकले असे मी धरले आहे. तोंडाने माणूस काय वाटेल ते बोलते, मनातले खरे.

ती फक्त "बरं" म्हणाली. आता मांद्र्याचे एक कुटुंब फेणीला नेणार आहे म्हणे.

चवथीच्या तयारीला लागले आहे. तुमच्या खोलीला चुना लावून घेतला. उशीला नवीन कापूस भरला. नेवऱ्या-करंज्यांसाठी रवा आणला आहे, तुम्हाला खोबऱ्याच्याच लागतात. गणपतीवर टांगायच्या माटोळीचे सामान तुम्ही आलात की तुम्हीच आणा, डोंगरावर कुठली फळे कुठे मिळतात ते तुम्हालाच ठाऊक.

गौरवी फोनवर म्हणाली, "आई, बाबांनी येतो म्हणून सांगितलंय का?" मी म्हटले, देवाने सांगितले. ती मग म्हणाली, "कुत्र्याचं काय झालं?"

चित्त लागत नाही कशात. काल वेणी घालता घालता उठले आणि फाटकाची कडी सरकवून आले, उघडायला सोपी जावी म्हणून.

तुमची,
चंद्रावती


४ सप्टेंबर

चवथ झाली. तुम्ही आला नाहीत.

माटोळी सत्यवतीकाकींच्या यजमानांनी बांधून दिली. कांगलां, घागऱ्यो अशी रानफळे, सुपारीचे घोस, सगळे होते. गौरवी दीड दिवस होती. दोन्ही दिवस मी पान एक जास्त मांडले आणि दोन्ही दिवस तिने ते उचलून ठेवले. तुमचा फोन लागत नव्हता. लागला असता तर काय बोलले असते, कुणास ठाऊक.

ती गेल्यावर मी भटजींकडे गेले. देवळात कोणी नव्हते, ते समईच्या वाती करत बसले होते. मी सगळे सांगून टाकले. की तोंडाने त्यांनी एक विचारले आणि मनात मी दुसरेच विचारत होते, आणि पाकळी पडली ती कुठल्या प्रश्नाची तेच आता कळत नाही. देवाला फसवले का मी?

भटजी वात वळता वळता थांबले. म्हणाले, "चंद्रावती, देव ऐकतो ते गाऱ्हाणे. चारचौघांत, मोठ्याने सांगितलेले. माणसांच्या मनातले ऐकत बसला तर त्याला झोप मिळेल काय?" मग हसले. "गाऱ्हाणे सुण्याचे घातले. कौल सुण्याचो. आता दोन महिने कोणाची वाट बघत होतीस?"

मला रडू आले नाही. राग आला, तुमचा नाही, माझाच. देवळातूनच पल्लवीला फोन केला. मांद्र्याच्या लोकांनी फेणीला परत आणून सोडली होती. त्यांच्या घरी भाऊ-भाऊ टीव्हीवर मॅच बघताना ओरडत असत, ती दोन दिवस कपाटामागून बाहेर आली नाही, आणि तिसऱ्या दिवशी एकाच्या पोटरीला चावली.

पल्लवीने पुन्हा विचारले, "घरात कोण कोण?"

"मी," मी म्हटले.

फेणी काल आली. नाव बदलले आहे. संध्याकाळी फाटकात उभे राहून फेणी, फेणी अशी हाक मारली तर गाव हसेल, आणि तसेही त्या नावाला आपल्या घरात पुन्हा जागा द्यायची नाही. जाई ठेवले आहे. अजून दोन्हींपैकी कुठल्याच नावाला ओ देत नाही.

चंद्रावती


२८ सप्टेंबर

अहो,

पत्रे लिहायची थांबवणार होते. पण सांगायला दुसरे कोण आहे? गौरवीला रोज जाईचा फोटो लागतो, गोष्ट नको असते.

कुत्रा पाळणे म्हणजे आपण कसे राहतो ते कोणीतरी रोज बघणे. मला माहीत नव्हते की मी इतकी उठबस करते. मी उठले की ती उठते. मी बसले की ती बसते. शेवटी तिलाच दमणूक होईल म्हणून मी एका जागी बसायला शिकले. परवा सबंध सकाळ सोप्यावर बसून तांदूळ निवडले. कितीतरी वर्षांनी.

पहिला आठवडा कठीण गेला. अडचण होती पदेराची. तो सायकलवरून येतो, फाटकाशी पॉं पॉं करतो आणि "बाय, पाव!" म्हणून ओरडतो. बिचाऱ्याचा आवाज आनंदी आहे, पण जाईला काय कळणार. ती फाटकावर अशी धावली की त्याची टोपली कलंडली. मी हात जोडले. तो म्हणाला, "तुज्या सुण्याक म्हजो पाव जाय, म्हजें तोंड नाका!" पाव हवा, तोंड नको, म्हणून मग त्यालाच युक्ती सुचली. आपल्या वळणावर तो हॉर्न वाजवत नाही. उतरतो, तिच्याकडे पाठ करून उभा राहतो, पाव कठड्यावर ठेवतो, एक तुकडा मागे न बघता टाकतो आणि जातो. रोज. आता ती फाटकाशी त्याची वाट बघते. शेपटी अजून हलवत नाही, पण बघते. काल तो माझ्याशी हळू आवाजात दोन वाक्ये बोलला आणि ती बसून राहिली.

सत्यवतीकाकी म्हणतात, "घोव गेलो म्हणून सुणें हाडलें." मी म्हटले, "होय काकी, भुंकते कमी." त्या आठवडाभर हे गावभर सांगत होत्या. मला नंतर वाईट वाटले. तुमच्याबद्दल असे मी कधी बोलले नव्हते.

तुम्ही शीळ घालायचा, आठवते? टिप्पर धुताना. ती शीळ जाईला चालेल असे मला वाटते. हळू असायची ती.

चंद्रावती


१२ ऑक्टोबर

अहो,

तुमचा मेसेज मिळाला. "काम संपले. दिवाळीला कायमचा येतो. कुत्रा देऊन टाक."

म्हणजे पत्रे पोचत होती.

मेसेज वाचून मी आधी देवासमोर साखर ठेवली. मग चण्याची डाळ भिजत घातली, तुम्ही यायला अजून आठवडा आहे हे विसरून. मग फोन घेऊन पल्लवीचा नंबर काढला. तोही काढला, हे कबूल करते. जाई माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपली होती. पाय सोडवून घेतल्याशिवाय उठता येईना आणि तिला उठवणे जिवावर आले. म्हणून बसून राहिले. बसल्या बसल्या विचार केला. आपल्या संसारात मी असा बसून विचार पहिल्यांदाच केला असेल. एरवी तुम्ही काही म्हणायचा आणि मी तोवर उठलेली असायची.

या. घर तुमचे आहे, कायमचे या. पण जाई कुठे जाणार नाही.

फाटकाजवळची, टिप्परच्या ड्रायव्हरची जुनी खोली मी झाडून घेतली आहे. नवीन बल्ब लावला, खाट घातली, तुमची कापसाची उशी तिथे नेऊन ठेवली. आधी तिथे राहा. सकाळी सोप्यावर येऊन बसा, पण जाईकडे पाठ करून. तिच्या डोळ्यांत बघू नका. तिला हाक मारू नका, मलाही मोठ्याने मारू नका. ती हुंगायला आली तर हात स्थिर ठेवा. चहा, भात, हुमण, सगळे वेळेवर मिळेल, मी स्वतः आणून देईन. बाटली घेऊन आलात तर ती फाटकातच थांबेल आणि तुम्हीही. किती दिवस लागतील ते पल्लवीलाही सांगता येत नाही. पदेराला तीन आठवडे लागले, पण तो रोज हसत येत होता. ती तुम्हाला घरात घेईल तेव्हा घरात या.

गौरवी म्हणाली, "आई, बाबा कुत्र्यासाठी एवढं करतील?" मी म्हटले, बघू.

थिवीला उतरलात की साखळीची बस मिळते. मी स्टेशनवर येणार नाही, जाईला एकटी ठेवता येत नाही. फाटकाला आतून कडी असेल. हळूच वाजवा. मी ऐकेन.

हे सगळे तिच्यासाठी लिहिले आहे असे समजलात तरी चालेल.

चंद्रावती